बोटं काळी झाली तेव्हाच कळायला हवं होतं

पन्नाशीला दोन वर्षं उरलेली असताना मला व्हायोलिन शिकायची हुक्की आली. प्रभाकर जोगांचं व्हायोलिन रेडिओवर ऐकत वाढलेला माणूस मी, कधीतरी हे व्हायचंच होतं. पण डोंबिवलीत वन बीएचके, भिंतीपलीकडे दहावीतली मुलगी, आणि मी घरी पोचणार रात्री साडेनऊला. म्हणून इलेक्ट्रिक सायलेंट व्हायोलिन. त्याला पोकळ पेटी नसते. तारा ज्या लाकडी तुकड्यावर टेकतात ती घोडी, तिच्याखालचा पिकअप नावाचा सेन्सर तारांचं कंपन उचलतो आणि मोठा आवाज येतो तो फक्त आपल्या हेडफोनमध्ये.

सोशल मीडियावर एका दुकानाची जाहिरात दिसली. अस्सल एबनी लाकडाचा फिंगरबोर्ड (तारांखालची, बोटं दाबायची पट्टी), जपानी पिकअप, सात दिवसांत परत, १४,५०० रुपये. सोबतच्या व्हिडिओत एक मुलगी असा काही यमन वाजवत होती की बस्स. यूपीआयने पैसे पाठवले. चार दिवसांत व्हायोलिन आलंसुद्धा, त्यामुळे संशय घ्यायला जागाच राहिली नाही.

पहिल्या रात्रीपासून हेडफोनमध्ये घरघर. एक तार वाजवायला जावं तर शेजारचीही कोकलायची. फोन केला. पलीकडून साखरेत घोळलेला आवाज: "काका, नवीन माणसाला असंच होतं. हात बसायला पंधरा दिवस द्या, नाहीच जमलं तर बघू ना आपण." पटलं मला! शिकाऊ माणसाचं व्हायोलिन कर्कशच वाजतं, हे कुणाला माहीत नाही? पण मेख तिथेच आहे. दोष वाद्याचा की आपल्या हाताचा, हे त्याला कळणार कसं? मी रोज रात्री स्वतःलाच शिव्या घालत पंधरा दिवस काढले. डाव्या हाताची बोटं काळी व्हायची, तर म्हटलं लोकलच्या दांड्याचा मळ असेल.

महिन्याभराने शिकवणी लावली. सरांनी तारा जुळवायच्या आधी ओल्या रुमालाने फिंगरबोर्ड पुसला. रुमाल काळा, खाली पांढरट लाकूड. एबनी मुळातच काळी असते, ती रंग कशाला सोडेल? मग घोडी डोळ्यांसमोर धरून दाखवली. तिच्या वरच्या कडेला कमान हवी, तरच बो, म्हणजे वाजवायचा गज, एका तारेपुरता टेकतो. माझी जवळजवळ सपाट. शेवटी सरांनी स्वतः वाजवून पाहिलं आणि त्यांचंही अगदी माझ्यासारखंच वाजलं. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी पैशांपेक्षा मला त्याचाच आनंद जास्त झाला.

पुन्हा फोन केला. "सर, रिटर्नची मुदत संपली." काकाचा सर झालो होतो. दुसऱ्या दिवशी नंबर ब्लॉक. पार्सलवरच्या पत्त्यावर जाऊन आलो, ते कुरियरचं गोदाम निघालं. ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर आणि सायबर फसवणुकीसाठी १९३० वर तक्रार नोंदवली आहे. पैसे अजून आलेले नाहीत.

तुम्ही घेणार असाल तर डबा उघडतानाचा व्हिडिओ काढा, आणि मुदत संपायच्या आत वाद्य एखाद्या वाजवणाऱ्याच्या हातात द्या. कुणी थांबायला सांगितलं तर ते व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. माझ्याकडे पुरावा म्हणून फक्त एक काळा रुमाल आहे.

सध्या सरांचं जुनं लाकडी व्हायोलिन भाड्याने आणलंय. घोडीवर रबरी म्यूट चढवला की आवाज जेमतेम स्वयंपाकघरापर्यंत जातो. म्यूट तीनशे रुपयांना मिळाला.