उघडलेली वाईन टिकवायचा पंप, उन्हाळा-पावसाळा दोन्ही वापरून झाल्यावर

आमच्या घरी वाईन घेणारे दोघंच, मी आणि बायको, तेही शनिवारी एकेक ग्लास, फार झालं तर दीड. ७५० मिलीच्या बाटलीत पाच ग्लास निघतात म्हणजे निम्मी बाटली उरतेच, आणि ती पुढच्या शनिवारपर्यंत कशी काढायची हा प्रश्न. म्हणून हा हाताचा व्हॅक्युम पंप ऑनलाईन मागवला, सोबत दोन रबरी बुचं आली. उन्हाळ्याच्या तोंडाला घेतला होता, आता दिवाळी होऊन गेली, त्यामुळे लिहायला हरकत नाही.

काम सोप्पं आहे. बूच बसवायचं, वर पंप ठेवून दांडा वरखाली करून बाटलीतली हवा ओढून काढायची, दांडा जड लागायला लागला की बास. आवाज मात्र असा कुईकुई येतो की पहिल्या रात्री आतल्या खोलीतनं आई ओरडली, एवढ्या रात्री कुणाच्या सायकलीत हवा भरतोयस रे. स्क्रू कॅपच्या बाटलीला पण बूच फिट बसतं हे बरं आहे, कारण नाशिकच्या बऱ्याच वाईन आता बिनकॉर्कच्याच येतात.

आता टिकते का, तर टिकते, पण बॉक्सवर छापलंय तेवढी नाही राव. शिराझ, म्हणजे रेड वाईन, पंप मारून फ्रीजमध्ये ठेवली की तीन दिवस मस्त, नंतर पिण्यासारखी असते पण फळाचा वास गेलेला असतो. शेनिन ब्लां ही व्हाईट वाईन अजून एखाद-दोन दिवस जास्त काढते. कारण पंपानं सगळी हवा निघत नाही, थोडी राहतेच, आणि ओतताना जो ऑक्सिजन वाईनमध्ये मिसळला त्याचं काम आत चालूच असतं. अल्कोहोलचं ॲसिटाल्डिहाइड व्हायला लागलं की कापून ठेवलेल्या सफरचंदाचा वास येतो, आणि बॅक्टेरियांना हवा मिळत राहिली की पुढं व्हिनेगर. थंडीत हे सगळं हळू चालतं. मे महिन्यात मुद्दाम एक बाटली पंप मारून ओट्यावर ठेवली आणि दुसरी नुसतं टोपण लावून फ्रीजमध्ये, तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फ्रीजमधली सरळ सरळ चांगली लागली. सांगलीच्या मे महिन्यात पंपापेक्षा फ्रीजच जास्त कामाचा. रेड पण फ्रीजमध्येच ठेवा, प्यायच्या आधी अर्धा तास बाहेर काढली की झालं.

तक्रार एकच, दोनातलं एक बूच पावसाळ्यात हवा धरेना. सोडताना जो फुस्स आवाज यायला पाहिजे तो येईचना. बघितलं तर मधल्या चिरेत वाईन वाळून चिकटलेली, कोमट पाण्यानं चोळून धुतल्यावर सुधारलं पण पहिल्यासारखं नाही. आणि सुटी बुचं विक्रेत्याकडे मिळतच नाहीत, परत अख्खा सेट घ्या म्हणे.

माझा मेहुणा तासगावचा, बागायतदार, तो म्हणतो एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा बेदाणे खा, वर्षभर टिकतात. त्याच्या बागेत सगळी थॉमसन आणि सोनाका, वाईनची द्राक्षं वेगळी, त्यामुळे त्याला काय बोलायचं.

पण हे वाचून पंप घ्यायला निघाला असाल तर आधी फुकटातलं करून बघा. ३७५ मिलीची छोटी बाटली रिकामी झाली की धुऊन, वाळवून ठेवा. मोठी बाटली उघडली की पहिला ग्लास भरायच्या आधीच ही छोटी अगदी गळ्यापर्यंत भरायची, टोपण घट्ट लावायचं, फ्रीजमध्ये. वर हवेला जागाच राहत नाही. आमच्याकडं अशी ठेवलेली शेनिन पुढच्या शनिवारी आरामात चालते, पंपवाली चालत नाही. मग पंप कशाला, तर उरलेल्या अर्ध्यातलं त्या रात्री संपलं नाही तर सोमवारपर्यंत काढायला. तेवढ्यासाठी आमचा पंप अजून रोजच्या ड्रॉवरमध्ये आहे.

आर्गॉन वायूवालं कोराव्हिन पण मिळतं, बारीक सुई कॉर्कमधनं घालून वाईन काढायची आणि जागेवर वायू भरायचा, हवा आत जातच नाही, पण शनिवारच्या दीड ग्लासासाठी तेवढे पैसे मी तरी घालणार नाही. आणि स्पार्कलिंगला हा पंप लावू नका, बुडबुडेच ओढून काढतो, त्याला क्लिपवालं वेगळं बूच येतं ते घ्या.