दहा महिने वापरून: २०१३चा डेस्कटॉप, १६ जीबी रॅम आणि लेबलवरची चार अक्षरं

आधीच सांगतो, रॅम (मशीन काम करताना वापरतं ती मेमरी) विकत घेणार असाल आणि तुमचं मशीन माझ्यासारखं जुनं इंटेल प्रोसेसरचं असेल, तर स्टिकवरच्या, म्हणजे रॅमच्या पट्टीवरच्या, लेबलचा स्पष्ट फोटो बघितल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. बाकीचं सगळं खाली लिहिलंय, पण कोणी एवढंच वाचून गेला तरी चालेल.

फोंड्यात घरूनच डीटीपीचं काम करतो. लग्नाच्या, मुंजीच्या पत्रिका, देवस्थानांच्या कार्यक्रमपत्रिका, जत्रेतल्या नाटकांची हँडबिलं, मधे मधे बॅनर. मशीन २०१३च्या चवथीला (गणेश चतुर्थीला) घेतलेलं, आय५-३४७० प्रोसेसर, एच६१ चिपसेटचा बोर्ड (सगळे भाग ज्यावर बसतात तो मदरबोर्ड), ४ जीबी डीडीआर३ (रॅमचा जुना प्रकार) ची एकच स्टिक आणि ५०० जीबीची हार्ड डिस्क. नवीन घ्या असं सगळेच सांगतात, पण माझं जुनं मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर डोंगलवर (मशीनला लावून ठेवायच्या परवान्याच्या चावीवर) चालतं, बारा वर्षांच्या फाइली त्याच फॉन्टमधे आहेत, आणि प्रोसेसर अजून खणखणीत आहे, चार कोअर, ३.२ गिगाहर्ट्झ. असं मशीन भंगारात घालायला माझा जीव होत नाही.

पण २०२४च्या डिसेंबरपर्यंत हाल असे झाले होते की सकाळी बटण दाबायचं, पदेराचा (पाववाल्याचा) भोंगा ऐकू आला की खाली जाऊन उंडे (पाव) घेऊन यायचे, चहा ठेवायचा, आणि परत येऊन बघितलं तरी डिस्कचा लाल दिवा पेटलेलाच. टास्क मॅनेजर उघडला की डिस्क १०० टक्के. गिऱ्हाईक समोर खुर्चीत बसलेलं असताना कोरल (डिझाइनचं सॉफ्टवेअर) उघडायला दोन मिनिटं लागतात तेव्हा फार ओशाळल्यासारखं होतं.

तर जानेवारीत ऑनलाइन ८ जीबीची स्टिक मागवली. ११५० रुपये, मडगावच्या दुकानात सांगितलेल्या किमतीपेक्षा साडेतीनशेनं कमी. जाहिरातीत ठळक लिहिलेलं, डीडीआर३, १६००, सगळ्या डेस्कटॉपना चालेल. आली, लावली, बटण दाबलं, स्क्रीन काळी आणि आतून थांबून थांबून लांब बीप. जुनी ४ जीबी काढून एकटी नवीन लावून बघितली, दुसऱ्या स्लॉटमधे लावून बघितली, बायोसची (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामची) बॅटरी काढून दहा मिनिटांनी परत घातली, तेच. जुनी लावली की मशीन चालू.

तक्रार केली तर विक्रेत्याचं म्हणणं, तुमचा बोर्ड जुना आहे, ८ जीबीची स्टिक घेत नाही. हे साफ खोटं आहे. एच६१ला दोन स्लॉट आणि १६ जीबीपर्यंत रॅम चालते, म्हणजे एका स्लॉटला ८. दोन दिवसांनी दुसरा माणूस फोनवर म्हणाला, माल खराब नाही त्यामुळे परत घेणार नाही. पुण्याला भाचा हार्डवेअरचंच काम करतो, त्याला फोन केला. तो म्हणाला, "मामा, आधी तू लेबलचा फोटो पाठव, बाकीचं नंतर बोलू." फोटो बघून दोन मिनिटांत त्याचा फोन, "अरे ही एएमडीवाली आहे, तुझ्या बोर्डावर जन्मात चालायची नाही." (एएमडी ही प्रोसेसर बनवणारी दुसरी कंपनी.)

हे मला माहीतच नव्हतं आणि माझ्या ओळखीच्या कोणालाच माहीत नव्हतं म्हणून सविस्तर लिहितो. रॅमच्या स्टिकवर जे काळे चौकोन असतात त्या मेमरीच्या चिप. स्टिक आणि प्रोसेसरमधला रस्ता ६४ बिट रुंद. नेहमीच्या स्टिकमधली प्रत्येक चिप ८ बिट देते, म्हणजे आठ चिपचा एक गट झाला की ६४ भरतात, आणि ८ जीबीच्या स्टिकवर असे दोन गट असतात, एकूण सोळा चिप. या स्वस्तवाल्या स्टिकमधे प्रत्येक चिप ४च बिट देते, त्यामुळे सोळाच्या सोळा मिळून एकच गट होतो. इंटेलच्या डेस्कटॉपचा मेमरी कंट्रोलर ४ बिटवाल्या चिप ओळखतच नाही, एएमडीच्या त्या काळच्या बोर्डांवर त्या चालून जातात. आणि मोजून काही कळत नाही, दोन्हीकडे चिप सोळाच! फरक कळतो तो फक्त लेबलवर. चांगल्या स्टिकवर छापलेलं असतं २, मग इंग्रजी आर, मग एक्स, मग ८, म्हणजे टू-आर-एक्स-एट. माझ्या स्टिकवर एक्सच्या पुढे ४ होता. एवढ्याशा एका आकड्यासाठी माझे तीन आठवडे गेले.

परत जाहिरात उघडून शेवटपर्यंत वाचली, तर अगदी तळाला, माहितीच्या शेवटच्या ओळीत होतं, केवळ एएमडी बोर्डसाठी. वर ठळक अक्षरात सगळ्या डेस्कटॉपना आणि खाली बारीक अक्षरात केवळ एएमडी, हे मला अजून पटत नाही आणि पटणारही नाही. ज्याला माहीत आहे तो घेणारच नाही, म्हणजे ज्याला माहीत नाही त्याच्यासाठीच हा धंदा आहे. मी दोन्ही ओळींचे स्क्रीनशॉट काढले, एका पानावर शेजारी शेजारी लावले आणि रोज सकाळी तेच पान तक्रारीला जोडून पाठवत राहिलो, बारा दिवस. तेराव्या दिवशी पैसे परत आले. कुरिअरचे ९० गेले ते गेलेच.

त्या तीन आठवड्यांत माघातल्या जत्रांची कामं तोंडावर आली, कवळे, मंगेशी, त्या बाजूच्या नाटकांची हँडबिलं, आणि मशीन तसंच रडत होतं. मग भाच्याच्या सांगण्यावरून २४० जीबीची एसएसडी (फिरती तबकडी नसलेली, चिपवरची डिस्क) लावली. एच६१वर साटा (डिस्कची जोडणी) जुन्या वेगाचं, सेकंदाला ३०० एमबीच्या वर जात नाही, एसएसडीच्या डब्यावर ५०० च्या वर लिहिलेलं असतं, त्यामुळे मला वाटलेलं की निम्मे पैसे वाया. पण तसं होत नाही. विंडोज सुरू होताना मोठी एक फाइल वाचत नसतं, हजारो बारक्या फाइली इकडून तिकडून गोळा करत असतं, आणि हार्ड डिस्कला प्रत्येक फाइलसाठी तबकडी फिरून सुई जागेवर यायची वाट बघावी लागते, दर वेळी दहा-बारा मिलिसेकंद. एसएसडीत ती वाट मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास. जिथे साडेचार मिनिटं लागत होती तिथे ३८ सेकंदांत काम चालू. मी पाच वेळा बंद-चालू करून घड्याळ लावून बघितलं, बायकोला बोलावून दाखवलं. (एक काळजी घ्या, बायोसमधे डिस्कचा मोड जुना आयडीई असेल तर विंडोज घालायच्या आधीच तो नवा एएचसीआय करून घ्या, नंतर बदललात तर विंडोज उठत नाही.)

त्या आनंदात मी फेब्रुवारीत ओळखीच्या चार जणांना सांगून टाकलं की रॅमच्या मागे लागू नका, एसएसडी घाला, ४ जीबीत सगळं भागतं. तेव्हा मला ते शंभर टक्के खरं वाटत होतं.

चुकलो. शिगम्याच्या (गोव्यातल्या होळीच्या सणाच्या) वेळी एका मंडळाचा सहा फूट बाय तीन फुटाचा बॅनर आला, त्यात रोमटामेळाचा (शिगम्यातल्या ढोल-ताशांच्या मिरवणुकीचा) फोटो पूर्ण मापाचा. आता हिशेब करा, ७२ इंच बाय ३६ इंच, १५० डीपीआय धरलं तरी १०,८०० बाय ५,४०० पिक्सेल, छपाईच्या चार रंगांच्या सीएमवायकेत एका पिक्सेलला ४ बाइट, म्हणजे एकटा फोटोच मेमरीत २३३ एमबी. त्याच्यावर सावली, पारदर्शक थर, दोन-चार अनडू, की तो आकडा कितीतरी पटीनं वाढतो. बाजूला ब्राउझरमधे व्हॉट्सअॅप उघडं, कारण गिऱ्हाईक फोटो तिथेच पाठवणार. मेमरी ९४ टक्के. मग विंडोज उरलेलं एसएसडीवर ठेवायला लागतं, आणि एसएसडी कितीही जलद असली तरी ती रॅम नव्हे. माउस अडकायला लागला, आणि सेव्ह करताना कोरल दोनदा बंद पडलं. दुसऱ्या वेळी तासाभराचं काम गेलं, रात्री साडेबारा वाजता. ज्या चौघांना सांगितलेलं त्यांना दुसऱ्या दिवशी फोन करून सांगितलं की माझं चुकलं, एसएसडी घाला पण बॅनर-बिनर करत असाल तर रॅमही लागेल.

एप्रिलमधे कदंबा (गोव्याची सरकारी बस) पकडून मडगावला गेलो आणि काउंटरवर उभा राहून लेबल वाचून घेतलं. दुकानदारानं जुन्या, काढलेल्या स्टिकची पेटीच समोर ठेवली, मी चष्मा लावून एकेक बघत होतो, तो बिचारा शांतपणे थांबला. ८ जीबीच्या दोन सारख्या मिळाल्या, दोन्हीवर टू-आर-एक्स-एट आणि पीसी३-१२८०० (१६०० वेगाचंच दुसरं नाव), दोन्ही मिळून २६००, सहा महिन्यांची हमी पावतीवर लिहून दिली. दोन सारख्या अशासाठी की दोन्ही स्लॉट भरले की ड्युअल चॅनल चालू होतं, एका स्टिकला सेकंदाला १२.८ जीबी तर दोघींना मिळून २५.६. माझ्याकडे वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, स्क्रीनचं कामही याच रॅममधून होतं, त्यामुळे हा फरक बॅनर झूम करताना हाताला जाणवतो. रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासायचा प्रोग्राम) लावून ठेवली, सकाळी एरर शून्य. तेव्हापासून कोरल एकदाही मेमरीसाठी बंद पडलेलं नाही. लग्नाच्या सीझनला एप्रिल-मे रोज दहा-दहा तास चाललं.

मग आला पाऊस. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात तीन दिवस सारखा ओतत होता, लाईट दिवसातून पाच वेळा जायची म्हणून मी मशीन बंदच ठेवलेलं. चौथ्या दिवशी चालू केलं तर काळी स्क्रीन आणि तीच बीप. जानेवारीतली ती बीप कानात बसलेली होती, पोटात गोळा आला. पहिला विचार हाच की मडगाववाल्यानंही फसवलं. इथला एक टेक्निशियन आला, पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "काका, बोर्ड गेला. याचे पार्ट आता मिळत नाहीत, नवीन घ्या," आणि ३४ हजारांचं कोटेशन लिहून ३०० रुपये घेऊन गेला. त्यानं स्टिक काढूनसुद्धा बघितल्या नाहीत!

रात्री भाच्याला व्हिडिओ कॉल केला. त्यानं स्टिक काढायला लावल्या. सोनेरी कडा टॉर्चखाली बघितली तर तिच्यावर मळकट थर. आपल्याकडे पावसात कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्याला बुरशी येते, दाराची कडी हिरवी पडते, तर तीन दिवस गरमच न झालेल्या मशीनच्या आत काय होत असेल. शाळेचा पांढरा मऊ खोडरबर घेऊन कडा दोन्ही बाजूंनी हलक्या हातानं पुसल्या, शाईचा खरखरीत रबर वापरू नका, सोन्याचा मुलामा फार पातळ असतो. कापसाच्या काडीला आयसोप्रोपाइल अल्कोहोल लावून परत पुसलं, स्लॉटमधली धूळ ब्रशनं काढली, पंधरा मिनिटं सुकू दिलं, दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या टक् करून बसेपर्यंत दाबलं. बटण. एक छोटी बीप आणि विंडोज. मी देवाजवळ दिवा लावून आलो. मडगावच्या दुकानदाराबद्दल मनात जे आलं होतं त्याचं वाईट वाटलं, पुढच्या फेरीत त्याच्याकडून कीबोर्ड घेतला.

त्यानंतर पाऊस संपेपर्यंत काम असो नसो, मशीन रोज तासभर चालू ठेवलं, आतली ऊबच ओल धरू देत नाही. जमिनीवरून उचलून लाकडी स्टुलावर, भिंतीपासून वीतभर लांब ठेवलंय. २७ ऑगस्टला चवथ होती, त्याच्या आधीचे पंधरा दिवस आरत्यांच्या पुस्तिका, भजनांचे कार्यक्रम, माटोळी (गणपतीवरची फळाफुलांची सजावट) स्पर्धेचा बॅनर, श्वास घ्यायला वेळ नव्हता, आणि मशीननं एकदाही तोंड वाकडं केलं नाही.

राहिला विंडोजचा प्रश्न. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि विंडोज ११ला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, माझा तिसऱ्या पिढीचा. वर्षभराचे जादा सिक्युरिटी अपडेट मिळतात त्यात नाव घातलंय, ते १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत. त्यानंतर हे मशीन नेट काढून फक्त कोरल आणि डोंगलसाठी ठेवणार, व्हॉट्सअॅपचे फोटो मोबाइलवरून पेनड्राइव्हनं घेणार. १६ जीबी तोपर्यंत पुरून उरेल.

खर्च बघितला तर एसएसडी १७५०, रॅम २६००, कुरिअर ९०, टेक्निशियन ३००, अल्कोहोल आणि ब्रश १६०. ४,९००. जुनी ४ जीबीची स्टिक भाच्याच्या मित्राच्या मशीनला दिली, तिच्यावरचं लेबल वाचूनच दिली. आणि माझ्या दोन्ही स्टिकच्या लेबलांचा फोटो छापून कॅबिनेटच्या दाराला आतून चिकटवलाय, म्हणजे पुढे कोणी उघडलं तर त्याला विचारायला मी घरी असायला नको.