खाज एका रात्रीत थांबली आणि तिथेच आम्ही फसलो

आमचा खंडू गावठी आहे. नाशिकच्या पाथर्डी फाट्याजवळ एका हातगाडीखाली भिजत बसलेलं दोन महिन्यांचं पिल्लू माझ्या लेकीने ओढणीत गुंडाळून घरी आणलं, तेव्हापासून तो आमचा. सात महिन्यांचा झाला आणि पहिला पाऊस पडला त्या आठवड्यात त्याच्या डाव्या डोळ्याभोवतीचे केस गेले. अगदी गोल, चष्म्याच्या एका काचेएवढा डाग. खाजवत नव्हता, खात-पीत होता, म्हणून आम्ही मनावर घेतलं नाही. सासूबाईंनी खोबरेल तेलात हळद कालवून लावली.

पंधरा दिवसांत पुढच्या दोन्ही पायांवर तसेच डाग आले. मग पंजांवर लाल पुळ्या उठल्या, त्यांत पू झाला आणि घरभर कुबट वास सुटला. आता मात्र खाज सुरू झाली. रात्रभर पंजा चाटल्याचा चपचप आवाज यायचा. सासूबाई म्हणाल्या, "अगं, याला लूत लागली."

ज्या डॉक्टरांकडे लसी घेतल्या होत्या ते आठवडाभर गावाला गेले होते. इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर रोज भेटणाऱ्या एका बाईंनी नंबर दिला. "घरी येतो. कुत्र्या-मांजरांच्या कातडीचाच स्पेशालिस्ट आहे." त्यांचा हेतू चांगलाच होता. त्यांच्याकडूनही त्याने पैसे उकळले होते, हे पुढे कळलं.

तो आला तो गळ्यात स्टेथोस्कोप घालूनच. कार्डावर नावाआधी 'डॉ.' आणि नावापुढे दोन-तीन कोर्सेसची नावं होती. खंडूला त्याने सोफ्यावर बसूनच पाहिलं. जवळ घेतलं नाही, कान उलटून पाहिला नाही, एकही डाग दाबून पाहिला नाही. दोन मिनिटांत निकाल दिला, "मॅडम, ही खरूज आहे, तिसऱ्या स्टेजची. घरात लहान मुलगी आहे ना तुमच्या? तिला लागेल. आजपासून याला बाहेर बांधा." आणि लगेच इंजेक्शन भरलं. कसलं म्हणून मी विचारलं. "बाहेरून मागवतो, इथे मिळत नाही," एवढंच म्हणाला आणि रिकामी कुपी स्वतःच्या खिशात टाकली.

त्या रात्री खंडू शांत झोपला. सकाळपर्यंत पंजांची लालीसुद्धा उतरली होती. मी ट्रॅकवर आणखी तिघींना त्याचा नंबर दिला. आज हे लिहिताना मला सगळ्यात जास्त तेच लागतं.

पुढे जे झालं ते नीट सांगते, कारण खूण पटायला तेच उपयोगी पडेल. तीन-चार दिवसांत खंडूचं पाणी पिणं इतकं वाढलं की भांडं दिवसातून पाच वेळा भरावं लागायचं. कधी घरात न मुतणारा कुत्रा झोपेतच लघवी करायला लागला. भाकरी खाऊन झाली की रिकामी ताटली चाटत बसायचा, पिठाच्या डब्यावर झेप घ्यायचा. पोट गोल सुटलं आणि मांड्या मात्र बारीक झाल्या. पंख्याखाली बसूनही धापा टाकायचा. फोन केला तर म्हणाला, "औषध लागू पडतंय मॅडम. भूक वाढली म्हणजे आजार बाहेर निघतोय." दहाव्या-बाराव्या दिवशी खाज परत यायची, पहिल्यापेक्षा जास्त. मग पुढचं इंजेक्शन. अशी चार झाली. प्रत्येक वेळी नवे डाग उठायचे आणि प्रत्येक वेळी एका रात्रीत खाज थांबायची, म्हणून आम्ही परत त्यालाच बोलवायचो.

मध्येच त्याने कात्रीने थोडे केस कापून पाकिटात घातले, 'मुंबईच्या लॅबला' पाठवतो म्हणून. चार दिवसांनी रंगीत रिपोर्ट आला. त्यावर एका किड्याचा मोठा फोटो, खाली 'स्टेज ३', आणि सहा हजारांचा पावडरचा कोर्स. केस बुधवारी कापले होते. रिपोर्टवर नमुना मिळाल्याची तारीख त्याआधीच्या सोमवारची होती. ती तारीख माझ्या नवऱ्याला दिसली, पण दोन महिन्यांनी, तक्रारीसाठी कागद लावताना.

आणि ते तेल. हिरव्या बाटलीत, लेबल नाही, 'बावीस जडीबुटींचं'. उघडलं की आधी कडुनिंबाचा वास, आणि त्यामागून गॅरेजचा. शंका आली तेव्हा मी एक थेंब वर्तमानपत्रावर टाकला. तासाभराने मधे काळा ठिपका आणि भोवती पसरलेलं तपकिरी कडं उरलं होतं. गाडीचं जळकं ऑइल लुतीवर लावायची जुनी रीत आपल्याकडे आहे, पुष्कळ जण भटक्या कुत्र्यांना दयेपोटी लावतात. कृपा करून लावू नका. ते कातडीतून आत जातं, कुत्रं ते चाटतं आणि त्याच्या पोटात विष जातं.

सव्वा दोन महिने खंडू गॅलरीत साखळीला होता. ऐन पावसात. लेक शाळेतून आली की काचेच्या दाराला नाक लावून आत बघत बसायचा आणि ती बाहेर जायला निघाली की मीच तिला ओरडायचे.

डोळे उघडले ते खालच्या मजल्यावरच्या मांजरीमुळे. त्यांच्या पर्शियन मांजरीच्या कानामागे आणि शेपटीवर गोल टक्कल पडली होती, कडेला कोंडा. हाच माणूस त्यांच्याकडेही जायचा. ज्या तिघींना मी त्याचा नंबर दिला होता, त्यांतल्याच एक या. त्यांना म्हणाला, "ॲलर्जी आहे, कुणाला काही होत नाही," आणि तेच तेल दिलं. मांजर अंग चाटून साफ करते हे काय सांगायला हवं? दुसऱ्या दिवशी तिच्या तोंडातून लाळेची तार लागली, उलट्या सुरू झाल्या. त्या रडत वर आल्या, "ताई, काय करू?" पलीकडे त्यांचा सहा वर्षांचा मुलगा उभा होता. त्याच्या दंडावर रुपयाएवढं लालसर कडं होतं, मधे साफ. ते बघताच सासूबाई म्हणाल्या, "हे गजकर्ण आहे."

आम्ही दोघी त्याच संध्याकाळी एका नोंदणीकृत पशुवैद्यांकडे गेलो, मांजर टोपलीत, खंडू रिक्षात पायाशी.

मांजरीचं आधी तेल उतरवलं, सलाईन लावलं. मग खोलीतला दिवा बंद करून डॉक्टरांनी वुड्स लॅम्प, म्हणजे अतिनील उजेडाचा दिवा, धरला आणि कानामागचे तुटके केस हिरवट सफरचंदी रंगात चमकले. बुरशी होती, नायट्याची, म्हणजेच गजकर्णाची. या बुरशीच्या सगळ्याच जाती अशा चमकत नाहीत, म्हणून त्यांनी केस कल्चरलाही लावले, म्हणजे त्यांवरची बुरशी वाढवून बघायला. त्याचं उत्तर यायला दोन-तीन आठवडे लागतात. ही बुरशी माणसाला लागते, मुलांना चटकन लागते, आणि गळलेल्या केसांवर महिनोन्‌महिने जिवंत राहते. मांजर त्या मुलाच्याच अंथरुणात झोपत होती.

मग खंडू. डॉक्टरांनी त्याच्या पंजावरची कातडी चिमटीत दाबली, बोथट पात्यावर लिक्विड पॅराफिनचा थेंब घेतला आणि एकाच जागी खरवडत राहिले, अगदी बारीक रक्त झिरपेपर्यंत. मी हात मागे घेतला तर म्हणाले, "ताई, हे खोल केसांच्या मुळाशी असतात. वरवर खरवडून सापडत नाहीत." ते काचपट्टीवर पसरून मायक्रोस्कोपखाली ठेवलं आणि मला बोलावलं. लांबट, विडीसारखे जीव. पुढच्या भागात आखूड आठ पाय, मागे निमुळती शेपटी. एकाच नजरेत सात-आठ दिसले.

डेमोडेक्स. हे किडे जवळजवळ प्रत्येक कुत्र्याच्या केसांच्या मुळाशी थोडे असतातच. जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांत आईच्या अंगावरून पिल्लाकडे येतात. पिल्लाची प्रतिकारशक्ती कच्ची असेल तर त्यांची संख्या वाढते. एक-दोन डाग असतील तर पुष्कळदा आपोआप भरून येतात. खंडूचा तो चष्मा तसाच भरून आला असता, कदाचित. आणि मग डॉक्टरांनी विचारलं, "याला इंजेक्शनं कसली दिली?" मी पाणी, लघवी, भूक, पोट सगळं सांगितलं. ते म्हणाले, कुपी पाहिल्याशिवाय नाव सांगता येणार नाही, पण लक्षणं सगळी स्टेरॉइडची आहेत. स्टेरॉइड खाज आणि सूज काही तासांत दाबतं, कारण ते प्रतिकारशक्तीच दाबतं. डेमोडेक्सला हवं असतं तेच. किडे मोकळे सुटले, वर जंतुसंसर्गही वाढला. स्टेरॉइड हे वाईट औषध नव्हे. काही ॲलर्जींमध्ये ते लागतंच. पण आधी खरवडून बघायला हवं होतं, आणि ते कुणी केलंच नव्हतं.

मी विचारलं, माझ्या लेकीला लागेल का? ते म्हणाले, "नाही. हा कुत्र्याकडून माणसाला लागत नाही."

मी तिथेच बाकावर बसले. जो आजार लागत नाही त्यासाठी आम्ही त्याला पावसात बांधून ठेवलं होतं, आणि जो लागतो तो खाली पोराच्या उशीवर होता. त्या माणसाला दोन्हींतला फरक माहीत नव्हता. त्याला एवढंच माहीत होतं की लहान मूल म्हटलं की आई घाबरते आणि पैसे काढते.

खरी संसर्गजन्य खरूज वेगळी असते. तिचा किडा गोलसर, कातडीच्या वरच्या थरात बीळ करतो. कानाच्या कडा, कोपरं, पोटाखाली सुरुवात होते आणि खाज सुरुवातीपासूनच वेड लावणारी असते. घरातल्या माणसांच्या हातापोटावरही पुरळ उठू शकतं. पिसवांची ॲलर्जी असेल तर शेपटीच्या बुडाशी, कमरेवर केस जातात. तिथे कंगवा फिरवून निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर दाबा. तांबूस ओघळ आले तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. दोन्ही बाजूंना सारखे केस गेलेत आणि खाज नाही, तर डॉक्टर रक्त तपासून थायरॉइड वगैरे बघतात. मांजर खाजवताना दिसत नाही, लपून चाटते. पोटावर केस तुटल्यासारखे आखूड लागले की समजा. आणि कुत्र्यांसाठीचं परमेथ्रिन असलेलं गोचीड-पिसवांचं औषध मांजरीला कधीही लावू नका. तिचं यकृत ते पचवू शकत नाही, झटके येऊन मांजर जाऊ शकते. पण हे सगळं ओळखून आपण औषध ठरवायचं नाही. डॉक्टरांना नीट सांगता यावं म्हणून हे माहीत असावं, एवढंच.

खंडूला महिन्याला एक गोळी, आयसोक्सॅझोलिन या किडे मारणाऱ्या औषधांच्या गटातली. द्यायच्या आधी त्याला कधी झटके आले होते का ते डॉक्टरांनी विचारून घेतलं. पुवासाठी ॲन्टिबायोटिक, आणि आठवड्यातून दोनदा क्लोरहेक्सिडिनच्या जंतुनाशक शॅम्पूने अंघोळ, फेस दहा मिनिटं अंगावर ठेवून. ती दहा मिनिटं लेक त्याला गोष्ट सांगायची. दर महिन्याला पुन्हा खरवडून बघायचं, आणि लागोपाठ दोन महिने एकही किडा दिसला नाही तरच थांबायचं. खाज तिसऱ्या आठवड्यातच गेली होती. डॉक्टर म्हणाले, आता औषध सोडलंत तर पुन्हा येईल. पाच महिने लागले.

त्या माणसाला आम्ही 16,550 रुपये दिले होते. भेट 700, चार इंजेक्शनं 4,800, रिपोर्ट 2,500, तेलाच्या तीन बाटल्या 2,550 आणि पावडर 6,000. मी नोंदणी क्रमांक विचारला तेव्हा त्याने आधी कुत्र्यांच्या ट्रेनिंगच्या सर्टिफिकेटचा फोटो पाठवला, मग मला ब्लॉक केलं. ज्या खात्यावर यूपीआयने पैसे गेले ते दुसऱ्याच कुणाच्या नावावर आहे. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा 1984 सालचा आहे. त्यानुसार परिषदेकडे नोंदणी असलेल्या पशुवैद्यालाच ही प्रॅक्टिस करता येते. महाराष्ट्राची परिषद नागपूरला आहे. नंबर विचारला म्हणून खरा डॉक्टर रागावत नाही. आमच्या डॉक्टरांचा तर भिंतीवर लावलेला होता, आणि प्रत्येक औषधाचं नाव त्यांनी कागदावर लिहून दिलं. आम्ही दोन्ही घरांनी मिळून पोलिसांत अर्ज दिला आहे, परिषदेलाही लिहिलं आहे. पैसे मिळालेले नाहीत. ज्या तिघींना मी नंबर दिला होता त्यांच्या घरी स्वतः जाऊन सांगून आले. तुमच्याकडे असा कुणी येऊन गेला असेल तर पावत्या, मेसेज, उरलेलं तेल, काहीही टाकून देऊ नका. आम्ही पावडरची पाकिटं फेकली होती, तीच आता हवी आहेत.

मांजर बरी आहे, मुलाचं कडंही गेलं. खंडूच्या अंगावर केस आले, डोळ्याभोवतीचे जरा जास्त काळे आले आहेत. मानेवर साखळी घासायची तिथली पट्टी तेवढी अजून उघडी आहे. आता दार दिवसभर उघडं असतं, पण तो उंबऱ्याशी येऊन थांबतो आणि आमच्यापैकी कुणीतरी "ये रे" म्हटल्याशिवाय आत पाय टाकत नाही.