नवजात बाळाची ‘टॉर्च’ तपासणी: आयजीजी की आयजीएम?
‘टॉर्च’ म्हणजे गरोदरपणात आईकडून बाळाला होऊ शकणाऱ्या काही संसर्गांची तपासणी; आयजीजी आणि आयजीएम ही त्यात मोजली जाणारी प्रतिपिंडं, म्हणजे संसर्गाशी लढणारी रक्तातली प्रथिनं. बाळाच्या रिपोर्टवर ‘आयजीजी पॉझिटिव्ह’ दिसलं की घरात रडारड सुरू होते. जरा थांबा! आयजीजी वारेतून (प्लासेंटातून) आईकडून बाळात उतरतं. बहुतेकदा ती आईच्या जुन्या संसर्गाची किंवा लसीची खूण असते आणि काही महिन्यांत ओसरते. टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीविरुद्धचं आयजीजी बाळाच्या पहिल्या वाढदिवसानंतरही टिकलं, तर मात्र संसर्ग बाळाचाच.

आयजीएम सहसा वार ओलांडत नाही, म्हणून जन्मतः सापडलं तर त्याला जास्त महत्त्व. मीही आधी तेच बघेन. पण ते कधी खोटं पॉझिटिव्ह येतं, आणि निगेटिव्ह आलं म्हणून संसर्ग नाहीच असंही नव्हे. सीएमव्हीची (सायटोमेगॅलोव्हायरस या विषाणूची) शंका असेल तर या दोन्हींवर विसंबू नका. पहिल्या २१ दिवसांतच बाळाच्या लघवीची किंवा लाळेची पीसीआर (विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी) करून घ्या.