जुनी ऑक्टाव्हिया व्हीआरएस, परभणीचा उन्हाळा आणि बोअरचं पाणी : सोळा महिन्यांचा अनुभव

बिलावर एक ओळ आहे : ‘कूलंट टॉप-अप, ३५० रुपये.’ कूलंट म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव. ते बिल मी जपून ठेवलंय. त्या साडेतीनशे रुपयांत माझ्या गाडीत कूलंट गेलंच नाही, गॅरेजच्या मागच्या बोअरचं पाणी गेलं. चार महिन्यांनी त्याच पाण्याने माझे ४२,००० रुपये खाल्ले. या गाडीबद्दल कुणी विचारलं की पिकअपच्या आधी मला हेच आठवतं.

गाडी स्कोडाची, २०१८ ची, २३० पीएसवाली (पीएस म्हणजे अश्वशक्ती). आकडे सगळ्यांना पाठ आहेत, परत देत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये पुण्यातून घेतली, मीटरवर ६१,००० होते, व्यवहार १५ लाख ८० हजारांना झाला. वडिलांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, वाकून खालून पाहिलं आणि म्हणाले, “एवढ्यात दोन ट्रॅक्टर आले असते.” ते चुकीचं बोलले नाहीत. पण आमचं कृषी सेवा केंद्र आहे, महिन्यातून चार-पाच वेळा जिंतूर, मंठा करत जालना आणि पुढे संभाजीनगर गाठावं लागतं. दिवसाचे चारशे किलोमीटर होतात. तेवढा वेळ ज्या गाडीत बसायचं ती मनासारखी हवी, हे माझं कारण. दुसरं कारण असं की ही गाडी जोडली गेली ती आपल्या संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यात. २०१७ साली ती निघाली तेव्हा शेंद्र्याच्या फाट्यावर मी एक निळी पाहिली होती, ती डोक्यातून गेली नाही.

आधीच्या मालकाने गाडीवर हौस केली होती. स्प्रिंग बदलून गाडी ३० मिलिमीटर खाली आणलेली, इंजिनचा मॅप, म्हणजे त्याच्या संगणकातलं सॉफ्टवेअर, बदलून ताकद वाढवलेली (यालाच रिमॅप म्हणतात), सायलेन्सर मोकळा. पुण्यात हे सगळं झकास वाटलं. परभणीत आल्यावर तिसऱ्या दिवशी वसमत रोडच्या एका गतिरोधकावर खालचं प्लॅस्टिक कव्हर घासून फाटलं.

आपल्याकडचे रस्ते नुसते खड्ड्यांचे नाहीत, ते लाटांचे आहेत. खाली काळी माती. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात भेगा पडून बसते, आणि वरचा डांबरी थर तिच्याबरोबर वर-खाली होतो. वरून रस्ता गुळगुळीत दिसतो, पण ऐंशीच्या वेगात खाली आणलेली गाडी दुसऱ्या-तिसऱ्या लाटेला पोट टेकते. दोन महिन्यांत मी कंपनीच्या मूळ स्प्रिंग शोधून परत बसवल्या. टायर २२५/४५ आर १७ होते (पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा भिंतीची उंची, रुंदीच्या टक्क्यांत), ते झिजल्यावर २२५/५० घातले. बाहेरचा व्यास साधारण २२ मिलिमीटरने वाढतो, म्हणजे गाडी ११ मिलिमीटर उंच होते आणि टायरची भिंतही जाड होते. वळणात किंचित मऊपणा आला, तो मला चालतो. मीटरचा काटा आता पूर्वीपेक्षा साडेतीन टक्के कमी दाखवतो, हे लक्षात ठेवून समृद्धीवर १२० ची मर्यादा पाळावी लागते. गाडी मॉडिफाय केली म्हणजे खाली बसवली, असंच सगळे धरून चालतात. मराठवाड्यात खरं मॉडिफिकेशन म्हणजे ती पुन्हा वर उचलणं. माझे सगळ्यात शहाणपणाने गेलेले पैसे हेच.

आता पाण्याकडे येतो.

ऑक्टोबरपासून बॉनेटखालच्या कूलंटच्या बाटलीतली पातळी हळूहळू उतरायला लागली. खाली थेंब नाही, धूर नाही, तापमानाचा काटा ९० वर खिळलेला. पंधरा दिवसांत बोटभर कमी. मी बाटलीवर कागदी चिकटपट्टी लावली आणि दर सोमवारी सकाळी, गाडी चालू करायच्या आधी, पेनने रेघ मारून तारीख लिहायला लागलो. गरम गाडीची पातळी वर दिसते, म्हणून थंड गाडीचीच बघायची. डिसेंबरपर्यंत त्या पट्टीवर अकरा रेघा झाल्या, एकीखाली एक.

जानेवारीत संभाजीनगरच्या एका मोठ्या मल्टीब्रँड वर्कशॉपला सर्व्हिसला टाकली. नाव लिहीत नाही. काचेचं ऑफिस, एसी, चहा, सगळं उत्तम. पट्टी दाखवली तर तिथला माणूस म्हणाला, “सर, रिमॅप आहे ना, इंजिन जास्त तापतं, कूलंट उडणारच. मॅप काढा, बंद होईल.” मला पटलं. १४,००० देऊन मूळ मॅप टाकून घेतला. गाडी आठवडाभर इतकी मंद वाटली की चुकून दुसऱ्याची घेऊन आलो की काय असं व्हायचं. त्यांनीच बाटली भरून दिली, तीच ती ३५० ची ओळ.

या अनुभवाचा कच्चा मजकूर मी मार्चमध्ये लिहिला होता. त्यात ‘रिमॅप केलेली गाडी आपल्या उन्हात घेऊच नका, कूलंट पिते’ असं ठासून लिहिलं होतं. ते वाक्य मागे घेतो. मॅप काढल्यावरही रेघा उतरतच राहिल्या. मॅपचा त्यात काही संबंध नव्हता.

मे महिन्यात, दुपारी दोनच्या सुमाराला, मंठ्याच्या अलीकडे समोर लाल चिन्ह पेटलं, गाडी थांबवा, कूलंट तपासा. मी लगेच बाजूला घेतली, एका कडुलिंबाखाली. बॉनेट उघडलं तर बाटली कोरडी. टोपीला हात लावला नाही. गरम असताना टोपी काढली की दाब एकदम सुटतो आणि उकळतं पाणी तोंडावर येतं, हे आपल्याकडे लोक फार हलक्यात घेतात. तास-सव्वा तास थांबलो. धाब्यावरच्या पोराने पिण्याच्या पाण्याचा जार आणून दिला, फिल्टरचं पाणी, दीड लिटर बसलं. एसी बंद, काचा खाली, साठच्या वेगात जालना गाठलं.

जालन्यात ज्या मिस्त्रीकडे गेलो त्यांना सगळे चाचा म्हणतात. पत्र्याची शेड, आयुष्य डिझेल गाड्यांत गेलेलं. अशा गाडीला ते हात लावतील की नाही अशी मला शंका होती. गाडीच्या संगणकातले दोष वाचणारा स्कॅनर त्यांनी आधी लावलाच नाही. बाटलीच्या तोंडाला हातपंप बसवला, थंड इंजिनमध्ये दीड बारपर्यंत (बार हे दाबाचं माप) दाब भरला आणि म्हणाले, “दादा, आता घाई नका करू. चहा घ्या.” चहा होईपर्यंत काटा एक बारच्या खाली आला होता. मग इन्टेकच्या, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या खाली, गिअरबॉक्सच्या बाजूला आरसा आणि टॉर्च धरून मला दाखवलं. कूलंट फिरवणाऱ्या पाण्याच्या पंपाच्या सांध्यातून एक थेंब येत होता आणि गिअरबॉक्सच्या कवचावर पडत होता. इंजिन गरम असताना तो तिथेच सुकून जायचा, जमिनीवर कधी आलाच नाही. मागे उरायची ती गुलाबी-पांढरी खपली. सात महिने मी ज्याला शोधत होतो तो थेंब मी पहिल्यांदा तिथे पाहिला.

या इंजिनात पाण्याचा पंप आणि थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणारी झडप) एकाच प्लॅस्टिकच्या घरात असतात, आणि पंप एका लहान दातेरी पट्ट्यावर चालतो. काढल्यावर कळलं की माझ्या गाडीतला पंप मूळचा नव्हताच. आधी कधीतरी कुणीतरी नकली बसवला होता, जिथे पार्ट नंबर असतो ती जागा घासून गुळगुळीत केलेली. चाचांनी अंगठा फिरवून दाखवला. मग त्यांनी आतली बाजू दाखवली. थर्मोस्टॅटच्या तोंडाशी पांढरा कडक थर, आपल्या घरच्या गिझरच्या कॉइलवर बसतो अगदी तसा. चाचांनी शेजारच्या टपरीवरून अर्धं लिंबू मागवलं आणि त्यावर पिळलं. फसफस फेस आला. “हा बोअरचा क्षार आहे. कूलंटमध्ये पाणी कोणी घातलं?”

पाणी तापलं की त्यातला चुना सुटून सगळ्यात गरम जागी बसतो, आणि कूलंटमधलं गंजरोधक द्रव्यही त्या क्षाराबरोबर गाळ होऊन जातं. माझा एक मित्र साखर कारखान्यात आहे, त्याच्याकडे उसाचा ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, पाहायचा हातातला मीटर असतो; द्रवात किती काय मिसळलंय ते त्यावर कळतं. मंठ्यात भरलं ते दीड लिटर जारचं पाणी असल्याने नुसती बाटली तपासून काही कळलं नसतं. पण जानेवारीत वर्कशॉपने ‘उरलेलं कूलंट’ म्हणून दिलेला लिटरभराचा कॅन डिकीत तसाच पडून होता. ताज्या ५०-५० मिश्रणाचा (निम्मं कूलंट, निम्मं शुद्ध पाणी) थेंब काचेवर टाकला, आकडा पाहिला. मग त्या कॅनमधला थेंब टाकला. निम्मासुद्धा आला नाही. वाटी उन्हात ठेवली तर कडेला पांढरं वर्तुळ उरलं. मी त्यांना फोन केला, फोटो पाठवले. तीन वेळा ‘मॅनेजर परत फोन करतील’ ऐकलं. पैसे मिळाले नाहीत.

सुरुवातीला लिहिलं की ते ४२,००० बोअरच्या पाण्याने खाल्ले. हिशोब नीट केला तर ते पूर्ण खरं नाही. गळती आधीपासून होती, नकली पंप कधी ना कधी जाणारच होता. पंप-थर्मोस्टॅट २१,५००, पट्टा २,३००, कूलंट ३,२००, रेडिएटर धुणं ३,०००, मजुरी १२,०००. यातलं पाण्याच्या नावावर टाकता येतील असे कूलंट आणि धुण्याचे ६,२०० च. तरी राग मला पंपापेक्षा पाण्याचाच आहे. नकली पंप बसवणाऱ्याने मला पाहिलं नव्हतं. पाणी भरणाऱ्याने माझ्या समोर, माझी अकरा रेघांची पट्टी पाहून, ते भरलं.

काट्यावर विसंबू नका. जूननंतर मी गाडीच्या संगणकातले आकडे फोनवर दाखवणारं स्वस्तातलं ओबीडी यंत्र लावलं. उन्हात जिंतूरच्या चढाला फोनवर १०४ अंश दिसत होते आणि मीटरचा काटा ९० वर शांत होता. तो काटा मधल्या मोठ्या टप्प्यात हलतच नाही. तो हलला म्हणजे उशीर झालेला असतो.

बाकीचं थोडक्यात. गिअरबॉक्सचं तेल दर ६०,००० ला बदलायचं असतं, आधीच्या मालकाकडे त्याची पावती नव्हती म्हणून मी आल्या आल्या फिल्टरसकट बदललं. पहिल्या-दुसऱ्या गिअरमधला धक्का गेला. अ‍ॅव्हरेज गावात ९, हायवेला १३. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर अर्धा-पाऊण किलोमीटर कमी वाटतं आणि ते साहजिक आहे, इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. ते इथेनॉल आपल्याच उसाचं असेल तर मला त्याचं दुःख नाही, पण जुन्या गाडीच्या रबरी नळ्या दर सर्व्हिसला पाहून घेतो. मॅप निर्दोष ठरला तरी परत टाकला नाही. मूळ रचनेत बदल केला की मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि विमा, दोन्हींची डोकेदुखी होते, आणि ३५० न्यूटन मीटर मला पुरून उरतात. मोकळा सायलेन्सरही काढला. खरीपात डिकीत बियाण्याच्या पिशव्या जातात, डिकीच्या झाकणाबरोबर मागची काचही वर उचलली जाते त्यामुळे पोतं आडवं सरकवता येतं.

आणि गाडी चालते कशी, हे लिहायचं राहिलंच. गेल्या महिन्यात पहाटे पाचला जालन्याहून समृद्धीवर चढलो. थंडी, रस्ता रिकामा, चढण्याच्या वळणावर ऐंशीवरून एकशे वीसला जायला तिने जेवढा वेळ घेतला तेवढ्यात शेजारी बसलेल्या वडिलांचं वाक्यही पुरं झालं नाही. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, “हिला ओढ आहे.” बैलाबद्दल ते असं बोलतात. सिंदखेडराजापर्यंत दुसरं काही बोलले नाहीत.

नवी चिकटपट्टी जूनमध्ये लावली. तिच्यावर सव्वीस सोमवारच्या खुणा आहेत आणि सगळ्या एकाच रेघेवर, एकावर एक गिरवलेल्या. डिकीत ५०-५० मिश्रणाचा सीलबंद कॅन आहे. सर्व्हिसला गाडी टाकताना तो मी काउंटरवर ठेवतो आणि बाटली माझ्यासमोर उघडायला लावतो.