रेग्युलर तपासणी की आजारी पडल्यावरच डॉक्टर?

मैत्रीण विचारत होती, पोरगी धडधाकट आहे मग उगाच कशाला न्यायची. पैसे आणि वेळ बघितला तर आजारी पडल्यावरच जाणं स्वस्त वाटतं, खरंय, पण तापाने किरकिरणाऱ्या मुलाची वाढ, बोलणं, नजर कोण नीट बघणार, तेव्हा सगळं लक्ष तापावरच असतं ना. रेग्युलर तपासणीत वजन, उंची, लहान बाळाच्या डोक्याचा घेरसुद्धा टेपने मोजून चार्टवर ठिपका देतात, एका ठिपक्याने फारसं कळत नाही, चार-पाच जोडले की रेघ खाली वळतेय का ते दिसतं. आळशी डोळा, म्हणजे एका डोळ्याची नजर कमजोर राहणं, हे तर मूल स्वतःहून सांगतच नाही, दुसऱ्या डोळ्याने दिसत असतं त्याला, आणि उपचार 7 वर्षांच्या आत सुरू झाले तर जास्त लागू पडतात. 5 वर्षांखालचं किंवा कमी दिवसांचं जन्मलेलं मूल असेल तर रेग्युलरच न्या, मोठ्या निरोगी मुलाला वर्षातून एकदा पुरतं.