पेशीमृत्यूचा प्रकल्प: कृमी, फळमाशी की हायड्रा?

नांदेड, परभणी, लातूरकडच्या एम.एस्सी. प्राणिशास्त्राच्या मुलांनी पेशीमृत्यूच्या प्रथिनांची उत्क्रांती हा विषय घेतला, की पुढचा प्रश्न ठरलेला: काम कोणत्या प्राण्यावर करायचं? माझं उत्तर हायड्रा, हा गोड्या पाण्यातला छोटा, नळीसारखा प्राणी.

सी. एलेगन्स या कृमीचं आकर्षण साहजिक आहे. त्याच्या वाढीत १०९० कायिक पेशी तयार होतात आणि त्यातल्या ठरलेल्या १३१ मरतात. या कामाला २००२ चं नोबेल मिळालं. सेड-९ हे प्रथिन सेड-४ ला धरून ठेवतं; एग्ल-१ आलं की पकड सुटते, सेड-४ हे सेड-३ या कॅस्पेजला, म्हणजे पेशीतली प्रथिनं कापणाऱ्या विकराला, जागं करतं आणि पेशी संपते. इतकी सुटसुटीत साखळी पाहून हीच मूळची असेल असं वाटतं. तसं नाही. कृमी, माशी आणि माणूस यांच्या वाटा वेगळ्या होण्याआधीच हायड्राचा वंश फुटला, तरी त्याच्याकडे बीसीएल-२ कुळातली (सेड-९ याच कुळातलं) अनेक प्रथिनं आहेत, काही पेशी वाचवणारी, काही मारणारी. म्हणजे पसारा जुनाच. कृमीच्या वंशात तो आटला. शिवाय कृमीतली मरती पेशी बटणासारखी उठून दिसते ती नोमार्स्की सूक्ष्मदर्शकाखाली. तो विभागात नसेल तर कृमीचा नाद सोडा.

फळमाशी स्वस्त. मक्याचं पीठ, गूळ, यीस्ट आणि अगर, २५ अंशांना दहा दिवसांत नवी पिढी. रीपर, हिड आणि ग्रिम ही प्रथिनं डायप-१ चा अडसर काढतात, मग ड्रॉन्क हे कॅस्पेज मोकळं होतं. जनुकांचे संकर करून बघायचे असतील तर माशीला तोड नाही. पण तीस अंशांच्या वर नर वांझ होतात, आणि आपला एप्रिल चाळिशी ओलांडतो; वीज गेली तरी इन्क्युबेटर चालू राहील याची सोय हवीच.

हायड्रालाही गारवा लागतो, साधारण १८ ते २० अंश, म्हणून काम दिवाळीनंतर सुरू करा. त्याला काही दिवस उपाशी ठेवलं की पेशी मरू लागतात आणि शेजारच्या उपकला (अस्तराच्या) पेशी त्यांना गिळतात. ग्लिसरीन, ॲसेटिक आम्ल आणि पाणी १:१:१३ घेऊन त्यात प्राण्याच्या पेशी सुट्या केल्या, की फेज कॉन्ट्रास्ट सूक्ष्मदर्शकाखाली गिळलेल्या पेशी मोजता येतात. मधोमध कापलेल्या हायड्राच्या खालच्या तुकड्यात, नवं डोकं येणार त्या टोकाला, मरत्या पेशीच डब्ल्यूएनटी-३ हा वाढीचा संकेत सोडतात. पदव्युत्तर प्रकल्पाला याहून चांगला प्रश्न मला सुचत नाही.

जनुकक्रमांची तुलना संगणकावर फुकट होते, ती जरूर जोडा. मात्र क्रम जुळला म्हणून काम जुळलं असं लिहू नका. ते प्रयोगानेच ठरतं. माणसाचं बीसीएल-२ कृमीत घातल्यावर तिथले पेशीमृत्यू खरोखर कमी झाले, हे १९९२ मध्ये असंच करून पाहिलं गेलं.